घराला पुस्तक विकणाऱ्या प्रमिलाताई

प्रमिलाताई दळवी यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला पुस्तक विकायला नकार दिला. पुस्तकाच्या दुकानदाराने समोर उभ्या गिऱ्हाइकाला पुस्तक नाकारावं, हे मी तोवर कुठे ऐकलेलं नव्हतं. खालापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी नुकताच मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. चौकला एका कुटुंबाच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहत होतो आणि पहिला पगार हातात पडल्याबरोबर कर्जतचा बाजार गाठला होता. तिथे ‘दळवी बुक डेपो’ ही पाटी दिसली. आत शिरून मी वरच्या फळीवरचा तत्त्वज्ञानाचा एक जाडजूड ग्रंथ मागितला. काउंटरमागच्या बाईंनी तो खाली काढला, फडक्याने पुसला, आणि माझ्या हातात देण्याऐवजी स्वतःपुढे ठेवून विचारलं, “घरात कोण कोण हाय?”

मला वाटलं, नवा नोकरीवाला मुलगा दिसला म्हणून बाई स्थळ सुचवतायत. मी जरा सावरून उभा राहिलो आणि चौकला भाड्याच्या खोलीत एकटाच राहतो म्हणून सांगितलं. त्यावर घरमालकाकडे मुलं आहेत का, त्याची बायको शिकलेली आहे का, अशी चौकशी झाली. मग त्यांनी तो ग्रंथ शांतपणे परत वर ठेवला आणि विनोदी कथांचं एक पुस्तक पुढे केलं. मी चिडलो. मी मराठीचा शिक्षक आहे, काय वाचायचं ते मला कळतं, असं बरंच काही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विनोदी कथाच कागदात गुंडाळल्या. मी ते पुडकं घेऊन निमूट बाहेर कसा पडलो, हे मला आजही सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात ते पुस्तक घरमालकाच्या थोरल्या मुलीने माझ्या खोलीतून नेलं. तिच्याकडून ते तिच्या आईकडे गेलं. ज्या बाईंनी तोवर माझ्याशी पाण्याच्या वेळेखेरीज दुसरा विषय काढला नव्हता, त्या एका संध्याकाळी पडवीत येऊन त्यातल्या एका नवऱ्याच्या वागण्यावरून माझ्याशी वाद घालायला लागल्या. त्या दिवसापासून मी त्या घरात नुसता भाडेकरू राहिलो नाही, जेवायलाही तिथेच बसायला लागलो. पुढच्या महिन्यात मी दुकानात गेलो तेव्हा ताईंनी मी न मागताच तो जाडा ग्रंथ खाली काढला आणि आता न्या म्हणाल्या.

ताईंना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात गौरव समितीचा चिटणीस म्हणून मी लिहावं, असं ठरलं. अशा लेखात सत्कारमूर्तींचे गुण ओळीने मांडायचे असतात, हे मला माहीत आहे; शाळेत असे लेख मी इतरांसाठी पुष्कळ लिहून दिलेत. पण ताई मला गुणांच्या रूपात आठवतच नाहीत. त्या आठवतात त्या एकेका धक्क्याच्या रूपात. माझी साठी केव्हाच उलटली, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, धक्के सोसायचं हे वय नव्हे. तरीही गेल्या काही आठवड्यांत त्यांनी, आणि त्यांच्यापेक्षाही आपण सगळ्यांनी, मला जे दाखवलं त्यातून मी अजून सावरलेलो नाही. ते सांगण्याआधी ज्यांचा ताईंशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो.

ताई मूळच्या खालापूरच्या बाजूच्या एका खेड्यातल्या, शेतकरी घरातल्या. त्यांच्या माहेरी शाळेची पुस्तकं सोडली तर एकच पुस्तक होतं. मोठ्या भावाने कुणाकडून तरी आणलेलं, वाचून झाल्यावर ओट्यावर टाकून दिलेलं. ते तिथेच पडून राहिलं आणि एका दुपारी ताईंनी ते उचललं. त्यांना कुणी वाच म्हणून सांगितलं नव्हतं. भावाने ते पुस्तक खिशात घालून नेलं असतं तर आपण आयुष्यभर पुस्तक म्हणजे धडे आणि प्रश्नोत्तरं एवढंच समजलो असतो, असं त्या म्हणतात. लग्न होऊन त्या कर्जतला आल्या. यजमानांचं दुकान होतं ते पाठ्यपुस्तकांचं आणि वह्यांचं. जूनमध्ये झुंबड आणि मग वर्षभर माशा मारायच्या. ताई काउंटरवर बसायला लागल्या आणि त्या रिकाम्या महिन्यांसाठी त्यांनी कथा, कादंबऱ्या, चरित्रं आणवायला सुरुवात केली. यजमान अकाली गेले. दुकान बंद होईल असं साऱ्या बाजाराने गृहीत धरलं होतं. पण दिवसकार्य आटोपल्यावर ताईंनी स्वतः शटर उघडलं.

माणसाला पुस्तक विकायचं नाही, घराला विकायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे दुकानात कुणीही आलं की घरातल्या माणसांची चौकशी होणारच. नवख्यांना हा भोचकपणा वाटतो. तुम्ही इतिहासाचं पुस्तक मागा, ताई विचारणार, सून कुठवर शिकलीय, सासऱ्यांना दिसतं का, पोरगं किती वर्षांचं. मग कधी तुम्हाला हवं ते देतील, कधी त्याच विषयावरचं मोठ्या अक्षरातलं देतील आणि कधी भलतंच काही हातात ठेवतील. घेणाऱ्याचं मन मोडत नसत असं नाही. दुकानातून तणतणत गेलेली माणसं मी पाहिलीत. त्यातली बरीचशी परतही आलेली पाहिलीत.

पुस्तकं विकायला माथेरानला तर ताई पावसाळ्यात जात. सारं जग उन्हाळ्यात वर जातं, पण हॉटेलं बंद असतात तेव्हा मागे राखणीला राहिलेल्या कामगारांना वेळ असतो, हा त्यांचा हिशेब. दस्तुरी नाक्यापर्यंत गाडी, तिथून पुढे गाड्यांना बंदी, म्हणून खांद्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पुस्तकांची पिशवी आणि चिखलातून चालत. एकदा मीही बरोबर होतो. एका घोडेवाल्याने, घरात बायको, म्हातारी आई आणि घोडे आहेत, असं सांगितल्यावर ताईंनी घोड्यांच्या गोष्टींचं एक छान पुस्तक त्याला दिलं. पुढच्या खेपेला त्याच्या आईने ते परत पाठवलं. दिवसभर घोडे बघून डोळे शिणतात, आता पुस्तकातही घोडेच का, असा तिचा निरोप होता. तिला खुनाच्या गोष्टी हव्या होत्या, सून वाचून दाखवणार होती. आपलं चुकलं म्हणून ताईंनी तिथल्या तिथे कबूल केलं आणि पुढे त्या म्हातारीसाठी खास रहस्यकथा मागवत राहिल्या. मी मात्र कितीतरी दिवस त्या शांत डोंगरावर कंदिलाशेजारी बसून खून ऐकणाऱ्या आजीबाईंच्या विचाराने चक्रावलो होतो.

ताईंची माया कशी असते ते मला माझ्यावरच्या प्रसंगात कळलं. माझी पत्नी पनवेलच्या एका रुग्णालयात बरेच दिवस होती. भेटायला येणारे शिक्षक मित्र तिच्या उशाशी पुस्तकं ठेवून जात. ताई आल्या त्या तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं घेऊन. मी पिशवीत हात घालून पाहिलं, पुस्तक एकही नव्हतं. मला आश्चर्य वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. ताईंनी मला घरी जाऊन झोपून या म्हणून दटावलं आणि स्वतः खुर्ची ओढून बसल्या. संध्याकाळी परतलो तेव्हा दोघी हसत होत्या. कशावर ते मला कुणीच सांगितलं नाही. पत्नी बरी झाल्यावर पहिल्यांदा बाहेर पडली ती दळवी बुक डेपोत जायला.

आता मोबाइलच्या विषयाकडे येतो, कारण या ग्रंथात तो टाळून चालणार नाही. काही वर्षांपासून दुकानातली वर्दळ ओसरत गेली. पाठ्यपुस्तकं शाळांतूनच मिळायला लागली. वाचणारे मोबाइलवर वाचायला लागले, आणि कागदाची हौस असणारे घरबसल्या मागवायला लागले. लोक दुकानात येत, पुस्तक चाळत, मुखपृष्ठाचा फोटो काढत आणि निघून जात. एकदा माझ्यादेखत एक कॉलेजची मुलगी असा फोटो काढत होती. मी तिला खडसावणार इतक्यात ताई म्हणाल्या, “उजेडात धर गं, नाव नीट येईल.” वर त्यांनी पुस्तक तिच्यासाठी सरळ धरलं.

त्यानंतर मी दुकानात एक छोटेखानी भाषण ठोकलं. कागदाचा स्पर्श, शाईचा वास, पडद्यावर वाचणाऱ्यांची उथळ पिढी, असा सगळा सरंजाम त्यात होता. ताईंनी ऐकून घेतलं, काउंटरखालून स्वतःचा मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर एक कादंबरी उघडलेली होती, एकेक अक्षर चिंचोक्याएवढं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या वर्षभर मोबाइलवरच वाचत होत्या. मी इतका हबकलो की आधी पाहिलं काय, तर आजूबाजूला दुसरं गिऱ्हाईक तर नाही ना. “डोळे माझे म्हातारे झाले, मास्तर, पुस्तक कशाला दोषी?” एवढंच त्या म्हणाल्या. मी या तालुक्यात छापील पुस्तकाचा कैवारी म्हणून मिरवत होतो आणि ज्यांच्या नावाने मिरवत होतो त्या बाई माझ्या दुप्पट वेगाने मोबाइलवर कादंबऱ्या संपवत होत्या.

मात्र दुकान चालेनासं झालं होतं, हेही खरं. नवी पुस्तकं येणं थांबलं. फळ्या रिकाम्या व्हायला लागल्या. पंच्याहत्तरी झाली की शटर ओढायचं, असं ताईंनी ठरवलं आणि जागेच्या मालकांनाही तसं कळवून टाकलं. त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं. आम्हीच रडवेले झालो आणि त्यातूनच गौरव समिती जन्माला आली. अध्यक्ष झाले रेल्वेतून निवृत्त झालेले आप्पा म्हसकर, ठाकुरवाडीला घाटात बरीच वर्षं काढलेले आणि ताईंचे जुने वाचक. मी चिटणीस. आणि मोबाइलवरचे निरोप, फोटो वगैरे बघायला शेलूच्या नव्या वसाहतीत राहणारी, ठाण्याला ऑफिसात जाणारी स्नेहल.

आप्पांच्या डोक्यात कल्पना आली आणि ती आम्हा सगळ्यांना अशी काही आवडली की कुणालाही क्षणभर थांबावंसं वाटलं नाही. ताईंच्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर दळवी बुक डेपोचा गोल शिक्का असतो. तशी शिक्क्याची पुस्तकं वाचकांनी परत आणून द्यावीत. दुकान बंद झालं तरी ती सगळी एका दालनात, काचेच्या कपाटांत, ताईंच्या नावाने कायमची राहतील. ताईंचं आयुष्यभराचं काम एका छताखाली दिसेल. ताईंना मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, वाढदिवसाआधी एकदम दाखवायचं. स्नेहलने निरोप टाकला आणि दहिवलीतल्या एका शाळेचं सभागृह आम्ही मागून घेतलं.

मला वाटलं होतं, लोक कुरकुरतील. शिक्क्याचं पुस्तक परत द्यायचं म्हणजे जिवावर येणार, हातापाया पडावं लागणार. मी तर विनवणीचं भाषणही तयार ठेवलं होतं. ते करायची वेळच आली नाही. पहिल्याच रविवारी सभागृहापुढे रिक्षा, टेंपो आणि मोटारी लागल्या. खोपोलीहून आले, नेरळहून आले, चौकहून, वावोशीहून आले. खोके, गोणपाटं, चादरीत बांधलेली गाठोडी. आप्पा आनंदाने नुसते इकडून तिकडे धावत होते. मीही सुरुवातीला हरखून गेलो. मग माणसं काय बोलतायत ते माझ्या कानावर पडायला लागलं. घराला नवा रंग दिला, जागाच नव्हती. बरं झालं, रद्दीत घालायला मन होत नव्हतं. आता सगळं मोबाइलवर असतंच. एका गृहस्थांनी तर अख्खं कपाटच आणलं होतं. पुस्तकं काढायचा त्रास नको म्हणून कपाटासकट घ्या म्हणाले आणि मोकळ्या भिंतीवर टीव्ही किती छान बसेल ते मला सांगायला लागले.

हे सारे मोबाइलला शिव्या घालणारे, कागदावर जीव टाकणारे लोक होते. माझ्या भाषणांना मान डोलावणारे होते. त्यांचे हसरे चेहरे बघून मला घाम फुटला. एकाच्याही चेहऱ्यावर काही हातचं सुटल्याची खूण नव्हती. पण समितीचा उत्साह मोडवेना, म्हणून मी गप्प बसलो आणि सभागृह भरत गेलं.

मग तो दिवस आला. पुस्तकं आणून देणाऱ्यांपैकीही बरेच जण जमले होते. आम्ही ताईंना काहीतरी निमित्त सांगून सभागृहात आणलं. आप्पांनी दार उघडलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलांवर पुस्तकं रचलेली, मध्ये चालायला जेमतेम वाट. आम्ही टाळ्या वाजवल्या. ताई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी जवळचं एक पुस्तक उचललं, शिक्का पाहिला. दुसरं उचललं. तिसरं उचललं, आणि त्या टेबलाच्या कडेला टेकल्या. स्नेहलने घाईने खुर्ची पुढे केली. आम्हाला वाटलं, ताईंना भरून आलंय. टाळ्या आणखी वाढल्या.

“मास्तर, हे सगळं लोकांच्या घरांतनं काढून आनलंत?” ताईंनी विचारलं.

मी अभिमानाने होय म्हटलं. तुमच्या सन्मानार्थ, असंही जोडलं.

“मग आता त्या घरांत काय हाय?”

टाळ्या थांबल्या. मला तर कुणी तोंडात मारावी तसं झालं. घराघरांत पुस्तक पोचवण्यासाठी या बाईंनी आयुष्य घातलं, आणि आम्ही त्यांच्याच सत्कारासाठी तालुक्यातली घरं धुऊन काढली होती. दुसऱ्या कुणाच्या हातून असली चूक झाली नसती. त्यासाठी पुस्तकांवर आमच्याइतकं प्रेम असावं लागतं. शेवटी ते कपाटवाले गृहस्थ धीर करून म्हणाले की, ताई, प्रत्येकाकडे मोबाइल आहे, त्यात वाटेल तितकी पुस्तकं आहेत.

“मोबाइल ज्याच्या त्याच्या खिशात हाय,” ताई म्हणाल्या. “चांगला हाय, मी बी वाचते त्याच्यावर. मी घराचं इचारते.”

तेव्हा स्नेहल पुढे झाली. तिने खाली मान घालून सांगितलं की, निरोप तिनेच टाकला असला तरी तिचं स्वतःचं शिक्क्याचं पुस्तक या ढिगात नाही. आप्पांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने समितीचा विश्वासघातच केला. मलाही धक्काच बसला. आमच्या समितीत एकटी स्नेहल उघडपणे मोबाइलवर वाचणारी. कागदावरचं तिचं प्रेम तिने कधी आमच्यासारखं बोलून दाखवलं नव्हतं.

तिने जे सांगितलं ते असं. तहसील कचेरीत काम होतं म्हणून ती कर्जतला आली होती आणि वेळ होता म्हणून दुकानात शिरली. ताईंनी नेहमीप्रमाणे घरातल्यांची चौकशी केली. नवरा, लहान मुलगी आणि गाव सोडून नुकत्याच राहायला आलेल्या सासूबाई. सासूबाईंना सातव्या मजल्यावर करमत नव्हतं, त्या दिवसभर गॅलरीत बसून खाली बघत. ताईंनी मोठ्या अक्षरातल्या कथा दिल्या. स्नेहलला त्या नकोच होत्या, तेच पुस्तक तिच्या मोबाइलमध्ये होतं. संकोचाने घेतलं आणि घरी जाऊन टीव्हीशेजारी टाकलं. काही दिवसांनी ते तिथे नव्हतं. ते सासूबाईंकडे गेलं, तिथून शेजारच्या काकूंकडे, मग वरच्या मजल्यावर. आता दुपारी त्या बायका जिन्यापाशी सतरंजी टाकून एकत्र बसतात आणि आळीपाळीने वाचतात. समितीसाठी ते परत मागायला स्नेहल गेली, तर सासूबाईंनी तिला साफ सांगितलं की, सत्कार तुमचा, पुस्तक आमचं.

“मी मोबाइलवर रोज वाचते,” स्नेहल म्हणाली. “पण मी वाचते हे घरात कुणालाच माहीत नाही. मुलीला वाटतं, आई मेसेज बघत असते.”

ताईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी स्नेहलला जवळ बसवून घेतलं आणि आम्हा बाकीच्यांना फर्मान सोडलं. काचेची कपाटं रद्द. वाढदिवसाला त्या सभागृहात येतील, शाल घेतील, पण भाषणं नकोत. ज्याने पुस्तक आणून दिलं त्याने यावं आणि पुस्तक घरी न्यावं. गठ्ठे एकमेकांत मिसळले होते, कुणाचं कुठलं ते कळणं शक्य नव्हतं, तेव्हा ज्याचं त्यालाच मिळालं पाहिजे असा आग्रहही नको. कुठलं द्यायचं ते त्या बघतील.

वाढदिवसाच्या दिवशी त्या सभागृहाचं दुकान झालं. ताई टेबलामागे बसल्या, शाल खुर्चीच्या पाठीवर. येणारा प्रत्येक जण घरातल्या माणसांची नावं सांगत होता आणि ताई स्नेहलला, अमक्या गठ्ठ्यातलं ते निळं काढ, तमकं काढ, असं सांगत होत्या. बघता बघता माणसं आपापल्या घरातल्यांबद्दल असं काही बोलायला लागली की पुस्तक बाजूला राहावं. एका बापाला मुलगा हल्ली काय करतो हेच सांगता येईना, तो फोन करून विचारायला बाहेर गेला. मी एका कोपऱ्यात उभा राहून हे सगळं डोळे भरून पाहत होतो.

इथे लेख संपवता आला असता तर किती बरं झालं असतं. पण सगळ्यात मोठा धक्का त्या दिवशी संध्याकाळी बसला. जितके लोक पुस्तकं द्यायला आले होते, त्यांच्यातले निम्मेसुद्धा न्यायला आले नाहीत. स्नेहलने पुन्हा पुन्हा निरोप टाकले होते. निरोप वाचले गेलेले दिसत होते. त्यावर हात जोडलेली, फुलांची, केकची चित्रं आली होती, ताईंना शुभेच्छांचा पाऊस पडला होता. माणसं आली नव्हती. कपाटवाले आले नव्हते. माझ्या शाळेतले दोन जुने सहकारी आले नव्हते. सभागृहात अजून टेबलंच्या टेबलं भरलेली होती आणि ती बघताना मला दुःखापेक्षा भीती जास्त वाटली. पुस्तकाचं दुकान मोबाइलने बंद पाडलं, असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. त्या संध्याकाळी मला दिसलं की मोबाइल आपल्या हाती नसता तरी आपण दुसरं कारण शोधून काढलं असतं.

उरलेली पुस्तकं एखाद्या ग्रंथालयाला द्यावीत, असं आप्पांनी सुचवलं. ताई नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेंपो बोलावून सगळी दुकानात नेली. रिकाम्या पडलेल्या फळ्या खालपासून वरपर्यंत भरल्या, काही गठ्ठे जमिनीवर ठेवावे लागले. मग त्या जागेच्या मालकांकडे गेल्या आणि जागा एवढ्यात सोडता येणार नाही, असं त्यांना सांगून आल्या. मालक जुने, ताईंना मानणारे. त्यांनी फक्त कधीपर्यंत एवढंच विचारलं. ताई म्हणाल्या, या पुस्तकांना घरं मिळेपर्यंत.

मी तेव्हा दुकानातच होतो, गठ्ठे लावायला मदत करत होतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, “आणि घरं नाही मिळाली तर, ताई?”

“तर मग मला मरायला सवड नाय, मास्तर,” ताई म्हणाल्या आणि फडकं घेऊन फळ्या पुसायला लागल्या.

छापील पुस्तकाच्या दुकानांचं पुढे काय होणार, हे मला आता कुणी विचारलं तर मी भाषण करत नाही. मला माहीत नाही. कर्जतच्या बाजारातलं एक दुकान, जे या वर्षी नक्की बंद होणार होतं, ते आपल्या सगळ्यांच्या नाकर्तेपणामुळे उघडं आहे, एवढं मला माहीत आहे. याची लाज वाटावी की आनंद, हे माझं अजून ठरत नाही. ताई सकाळी शटर उघडतात, मोबाइलवर वाचत बसतात, कुणी आत आलं की मोबाइल पालथा ठेवतात. स्नेहल शनिवारी येते. तिच्या मजल्यावरच्या बायकांसाठी पिशवी भरून नेते. परवा तिच्यासोबत सासूबाई आल्या होत्या. ताईंनी दिलेलं पुस्तक त्यांनी नाकारलं आणि स्वतः फळीवरून दुसरं काढून घेतलं. ताईंचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं झालं होतं.

आदरणीय प्रमिलाताईंना निरोगी, काठोकाठ भरलेलं दीर्घायुष्य लाभो. त्यांचे डोळे असेच वाचते राहोत, कागदावर असो वा काचेवर. शंभरी त्यांनी त्याच काउंटरमागे गाठावी आणि तेव्हाही आम्हाला दटावावं. वाचकहो, तुमच्यातल्या ज्यांनी त्या रविवारी पुस्तक आणून दिलं आणि नंतर तोंड दाखवलं नाही, त्यांनी हे वाचून संपलं की दुकानात जा. घरात कोण आहे ते आठवून जा, नाहीतर फजिती होईल. एक पुस्तक घरी न्या आणि सगळ्यांना दिसेल असं कुठेतरी टाकून द्या. फक्त एवढं करा, सगळे एकाच आठवड्यात जाऊ नका. त्या फळ्या रिकाम्या व्हायला हव्यात, पण घाई नको.